मंगल कार्यालयातला चित्रपट महोत्सव

आमच्याकडे चित्रपट महोत्सवाची तारीख पंचांग बघून काढतात. मुहूर्त शोधायला नाही, मुहूर्त टाळायला. लग्नाच्या तिथी चालू असल्या की मंगल कार्यालय मिळत नाही. मिळालंच तर मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला आणि आचारी यांतलं कुणी हाती लागत नाही. पौषात हे सगळे मोकळे असतात आणि भाडंही उतरतं. हवा कोरडी असते, अंधार लवकर पडतो. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी पौष पार फेब्रुवारीपर्यंत सरकतो आणि बारावीच्या परीक्षेला जाऊन भिडतो, तेवढं बघून घ्यायचं. १४ जानेवारीला संक्रांत आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, २६ जानेवारीला झेंडावंदन. या दोन्ही तारखांच्या आसपास पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि परवानगीचा कागद टेबलावर पडून राहतो. शाळांची स्नेहसंमेलनं याच दिवसांत येतात. गावातला बरा साउंडवाला ती धरून बसतो, म्हणून त्याला दिवाळीआधीच इसार द्यायचा.

पौषाची एक किंमत मोजावी लागते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. म्हणजे वाड्या-तांड्यांवरचा मोठा प्रेक्षक त्या दिवसांत गावात नसतोच. त्यावर उपाय एकच: मुख्य महोत्सव पौषात, आणि पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, माणसं घरी आली की एप्रिल-मे महिन्यात तांड्यावर उघड्यावरचा एक दिवसाचा खेळ. दोन्ही एकाच तारखेत बसवायच्या नादाला लागू नये.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ दिल्लीचा कागद खातो. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट दाखवायचे असतील, आणि लघुपट बहुतेक तसेच असतात, तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ च्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. अर्जासोबत चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश, निवड समितीत कोण आहे ते, आणि महोत्सव नफ्यासाठी नसून नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरताच आहे हे लिहून द्यायचं असतं. याचा अर्थ निवड लवकर संपली पाहिजे. यादी अर्धवट असताना अर्ज करता येत नाही आणि नंतर घुसवलेल्या चित्रपटाला ती सूट लागू होत नाही. प्रमाणपत्र असलेले चित्रपट सोपे. फक्त २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झालेत, ते शाळेच्या खेळाची निवड करताना तपासायचे.

हक्कांबद्दल गावात भलताच गोड गैरसमज आहे. ओटीटीची वर्गणी भरली किंवा डीव्हीडी विकत आणली म्हणजे चित्रपट चारचौघांना दाखवायचा हक्क मिळाला असं नसतं. ती परवानगी घरात बघण्यापुरती. निर्मात्याचं लेखी पत्र लागतं. त्यात चित्रपटाचं नाव, तारीख, ठिकाण, किती खेळ आणि मराठी उपशीर्षकं चढवायला हरकत नाही हे स्पष्ट असावं. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. जुना चित्रपट मोकळा झाला असला तरी धड प्रत कुणाकडे तरी मागावीच लागते. यूट्यूबवरून उतरवलेली प्रत सोळा फुटी पडद्यावर बघवत नाही.

बाकीची पत्रं गावातलीच: नगरपरिषद, पोलीस ठाणे, महावितरण. वर्गणी गोळा करणार असाल तर गणेश मंडळांसारखी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी. महावितरणचं पत्र लोक विसरतात. त्यात वीज द्या असं लिहून उपयोग नाही. आपल्या फीडरवर देखभालीचा शटडाऊन त्या तारखांना ठेवू नका, एवढंच मागायचं. ते बऱ्याचदा ऐकतात. ध्वनिक्षेपकाचा नियम रात्री दहाचा आहे. बंदिस्त सभागृहाला त्यात सवलत असली तरी पत्र्याच्या छताच्या कार्यालयाला बंदिस्त म्हणायचं की नाही यावर ठाण्यात वाद घालण्यापेक्षा शेवटचा खेळ पावणेदहाला संपवलेला बरा.

प्रवेशिका मागवताना फिल्मफ्रीवेसारख्या प्रवेशिका घेणाऱ्या संकेतस्थळावर शुल्क न ठेवता दार उघडलं तर जगभरातून पूर येतो आणि त्यातलं बहुतेक आपल्या कामाचं नसतं. आम्ही भाषा आणि लांबीची अट घालतो. मराठी, दखनी, गोरमाटी (बंजारा बोली) आणि इतर भारतीय भाषा, तीस मिनिटांच्या आत. प्रत्येक चित्रपट तिघांनी वेगवेगळा बघायचा, एकत्र बसून नाही. एकत्र बघितलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आवड निवडली जाते. सत्र नव्वद मिनिटांचं, त्यात पाच-सहा लघुपट. सगळ्यात जड चित्रपट चहाच्या आधी ठेवावा, म्हणजे लोक बाहेर उभं राहून त्यावर बोलतात. शेवटी ठेवला की एसटीच्या घाईत तो वाया जातो.

फाइल खेळाच्या किमान पंधरा दिवस आधी हातात हवी. थिएटरचा डीसीपी (सिनेमागृहासाठी बनवलेली डिजिटल प्रत) मागू नका, तो वाजवणारा सर्व्हर आपल्याकडे नाही. एमपी-४, एच २६४, १९२० बाय १०८०, पंधरा-वीस एमबीपीएस, आवाज स्टिरिओ. स्टिरिओवर अडून बसायचं. ५.१ आवाजाच्या फाइलमध्ये संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. लॅपटॉपने फक्त डावा-उजवा बाहेर काढला तर संगीत दणकून वाजतं आणि पात्रं नुसती ओठ हलवतात. पाठवलेल्या लिंका काही दिवसांत मरतात, म्हणून आली की लगेच उतरवायची. उतरवलेली फाइल अथपासून इतिपर्यंत बघायची, नामावलीसकट. अर्धवट उतरलेली फाइल पहिली दहा मिनिटं व्यवस्थित चालते, हीच तिची खोड आहे. दोन हार्ड डिस्क ठेवायच्या, दोन्ही एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या. जुन्या फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

मराठी उपशीर्षकं हे वेगळं खातं आहे आणि त्याला माणूस आधीच नेमावा लागतो. मल्याळम किंवा इराणी चित्रपटाखाली इंग्रजी ओळी पळत असतील तर आपला अर्धा प्रेक्षक चित्रं बघून घरी जातो. दीड तासाच्या चित्रपटात हजारेक ओळी निघतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि वाचायला पुरेसा वेळ. बोलणं जसंच्या तसं उतरवायला गेलं की ओळ पडद्यावर मावत नाही, भाव ठेवून छाटावंच लागतं. सबटायटल एडिट या प्रोग्राममध्ये काम करून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची. जुन्या टायपिंगच्या फाँटमध्ये केलेलं सगळं पडद्यावर चौकोन होऊन येतं. युनिकोड असूनही काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात, 'शक्ती'तला क पाय मोडून एकटा उभा राहतो आणि 'स्थिती'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. म्हणून नोटो सान्स देवनागरी वापरून ओळी चित्रातच पक्क्या करून टाकायच्या. वेगळी फाइल लॅपटॉपच्या भरवशावर सोडायची नाही.

आता सभागृह. मंगल कार्यालय लग्नासाठी बांधलेलं असतं, म्हणजे उजेड आणि गोंगाट दोन्ही भरपूर येईल असं. उजेडाचा बंदोबस्त स्वस्तात होतो. कृषी सेवा केंद्रात मल्चिंगचा कागद मिळतो. चार फूट रुंद, ४०० मीटरचा गुंडाळा, एक बाजू काळी, एक चंदेरी. पंचवीस मायक्रॉनचा घेतला तर दुहेरी लावायचा, चंदेरी बाजू बाहेर. खिडक्यांपेक्षा वरचे झरोके दगा देतात. दुपारी दोन-तीनला त्यातून उन्हाची पट्टी नेमकी पडद्यावर येते. म्हणून तपासणी सकाळी नाही, ज्या वेळेला खेळ आहे त्याच वेळेला करायची. दारांना कनातीचे दोन पडदे, मध्ये चार फूट जागा, म्हणजे एक पडदा उघडला तरी दुसरा मिटलेला राहतो. दाराला आतून कडी घालायची नाही, कितीही गर्दी असो.

पडद्याला मांजरपाट नको, उजेड आरपार जातो. मागून काळा असलेला फ्लेक्स, कोरा आणि मॅट, १६ बाय ९ फूट. चकचकीत घेतला तर मधोमध दिव्याचा डाग दिसतो. कडेला फुटाफुटावर रिंगा मारून घ्यायच्या आणि पाइपाच्या चौकटीला दोरीने न बांधता सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणायचा, सुरकुती राहत नाही. खालची कड जमिनीपासून पाच फूट वर हवी. कार्यालयाची जमीन सपाट असते, आणि उपशीर्षकं नेमकी समोरच्याच्या डोक्यामागे जातात. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरात ठेवायची. नऊ फूट उंचीला चोपन्न फूट. त्यापलीकडे खुर्च्या टाकल्या तर तिथे बसणारे बोलायला लागतात, कारण त्यांना वाचता येत नाही.

प्रोजेक्टर भाड्याने आणताना दोन आकडे विचारायचे: ल्युमेन (उजेडाचं माप) आणि थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी). अंधार नीट केला असेल तर ५००० ल्युमेन या पडद्याला भरपूर झाले. थ्रो रेशो दीड असेल तर १६ गुणिले दीड, म्हणजे चोवीस फुटांवर प्रोजेक्टर येतो, नेमका प्रेक्षकांच्या मधोमध. त्यासाठी लोखंडी घोडा करून प्रोजेक्टर त्यावर जमिनीपासून सात फूट उंच ठेवायचा आणि भोवती खुर्च्या टाकायच्या नाहीत. भाड्याने देणारा बहुधा एलईडी वॉल गळ्यात मारायला बघतो. भर दुपारच्या भाषणाला ती ठीक आहे. चित्रपटाला नाही. पुढच्या चार रांगांना ठिपके दिसतात आणि रात्रीच्या दृश्यांतला काळा रंग राखाडी होतो.

तांब्याची एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची नाही, चित्र मधूनच काळं होतं. ऑप्टिकल घ्यावी. तिला दिशा असते, बाण लॅपटॉपकडून प्रोजेक्टरकडे, उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि सगळे प्रोजेक्टरला दोष देत बसतात. रात्री ती गुंडाळून उचलून ठेवायची. लग्नाच्या जेवणावळींवर पोसलेले उंदीर पौषात उपाशी असतात. लॅपटॉपवर पडदा 'एक्स्टेंड' करायचा, म्हणजे डेस्कटॉप लोकांना दिसत नाही. अपडेट, सूचना, स्लीप आणि रात्रीचा पिवळा उजेड बंद. चित्रपट २४ फ्रेमचा आणि पडदा ६० हर्ट्झवर असेल तर कॅमेरा फिरतो तिथे चित्र अडखळतं. प्रोजेक्टर घेत असेल तर २४ हर्ट्झ लावायचं. तीच यादी भरलेला दुसरा लॅपटॉप स्विचरवर तयार असावा.

हे सगळं जमतं. आवाज जमत नाही, आणि गावातले महोत्सव तिथेच पडतात. चित्र थोडं फिकट असलं तर लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही की उठून जातात. कार्यालयात मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. फरशी, काच, पत्रा आणि रंगवलेल्या भिंती तिला सोडत नाहीत. साठ फूट लांबीच्या हॉलमध्ये पडद्याकडून निघालेला आवाज मागच्या भिंतीला लागून पुढच्या रांगेत परत येतो तेव्हा त्याने एकशेवीस फुटांचा फेरा केलेला असतो, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त उशीर. पन्नास मिलिसेकंदांपुढे कान त्याला वेगळा आवाज मानतो. एका शब्दावर मागच्या शब्दाची सावली पडते. अशा वेळी साउंडवाला आवाज वाढवतो, आणि सावलीही तेवढीच वाढते.

म्हणून आधी मागची भिंत झाकायची. चाळीस फूट रुंद भिंतीला दहा फुटांपर्यंत झाकायला पंधरा-सोळा वाकळी लागतात. लुगड्याच्या जुन्या, जाड, सुताच्या. चादरी आणि पातळ ब्लँकेटं उपयोगाची नाहीत, ती फक्त 'स-श' खातात आणि मधला घुमारा तसाच ठेवतात. वाकळ भिंतीला चिकटवून टाकायची नाही, चार-सहा इंच सोडून दोरीवर टांगायची. मागच्या हवेमुळे खालचे सूरही थोडे मरतात. आळीतल्या घराघरांतून मागून आणल्या की प्रत्येकीच्या कोपऱ्याला नावाची चिंधी टाचायची. आजीची वाकळ दुसऱ्या घरी गेली तर पुढच्या वर्षी एकही मिळणार नाही. खाली सगळीकडे सतरंज्या, बाजूच्या काचांवर मंडपाचं कापड चुण्या पाडून. परत टाळी वाजवली की फरक न सांगता कळतो. माणसं भरल्यावर तो आणखी सुधारतो, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये थोडं घुमलं तरी घाबरायचं नाही.

मग स्पीकर. वरातीचे अठरा इंची बेसचे खोके दारातूनच परत पाठवायचे. यावर भांडण होतं, ते इसार देतानाच मिटवून घ्यावं. बारा किंवा पंधरा इंची दोन टॉप (बेसशिवायचे मुख्य स्पीकर), स्टँडवर सात फुटांवर, तोंड किंचित खाली, दोन-तृतीयांश अंतरावरच्या रांगेकडे. छताकडे बघणारा स्पीकर पत्र्याला गाणं ऐकवतो. हॉलच्या मध्यावर दोन लहान स्पीकर लावले तर पुढचे कमी आवाजात चालतात. पण त्यांना उशीर द्यावा लागतो, फुटाला साधारण एक मिलिसेकंद आणि वर दहा. पुढचे चाळीस फुटांवर असतील तर पन्नासच्या आसपास. तो न देता लावले तर आवाज पडद्यातून नाही, शेजाऱ्याच्या खांद्यावरून येतो. मिक्सरवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायचं, २५० ते ४०० च्या दरम्यान तीनेक डेसिबल उतरवायचं, अडीच-तीन हजाराला जरासं चढवायचं. एवढ्यावर बायकांचे आणि मुलांचे संवाद मोकळे होतात.

लॅपटॉपचा चार्जर लावला की 'घुंऽऽ' सुरू होते आणि काढला की थांबते, तर ती अर्थिंगची भानगड आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायचे आणि मध्ये ग्राउंड लिफ्ट (अर्थिंग तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडणारा छोटा डबा, टाकायचा. तिसरी पिन मोडणे हा उपाय नाही, धक्का बसतो. प्रत्येक लघुपटाचा आवाज वेगळ्या पातळीवर बनवलेला असतो, यूट्यूबसाठी केलेला मोठा, थिएटरसाठी केलेला बारीक. आदल्या दिवशी प्रत्येकाची दोन मिनिटं वाजवून मिक्सरची खूण वहीत लिहायची. ही वही साउंडवाल्याच्या हातात नको, आपल्या माणसाकडे हवी, आणि तो माणूस हॉलच्या मागच्या तिसऱ्या भागात बसलेला हवा.

विजेचं थोडक्यात. लाइट जाणारच असं धरून चालायचं. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर, बाकी जनरेटरवर. दिव्याचा प्रोजेक्टर तापलेला असताना वीज गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं, लेझरचा असेल तर ही काळजी कमी. जनरेटर पडद्याच्या मागे नाही, रस्त्याच्या बाजूला, वाऱ्याची दिशा बघून. डिझेल ज्याच्याकडे सोपवलं त्याला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही.

उघड्यावरच्या खेळात वाऱ्याचा हिशेब वेगळा. १६ बाय ९ चा पडदा म्हणजे उभं केलेलं शीडच. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ऐंशी किलोंहून जास्त जोर येतो. चारही दोऱ्या पंचेचाळीस अंशांत, लोखंडी मेखा दोन फूट आत, पायथ्याला वाळूची पोती. एप्रिल-मेची वावटळ सांगून येत नाही, त्यामुळे पडदा दोन मिनिटांत खाली घेता येईल अशी कप्पी ठेवायची. तांड्यावर पहिल्या रांगेत लहान मुलं बसतात, ती चौकटीच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त लांब ठेवायची. चौकट पडलीच तर खाली कुणी नसावं.

वेळापत्रक आपल्या सोयीने करू नये. सकाळी शाळा, खुर्च्या न टाकता सतरंजीवर. बायकांचा प्रेक्षक हवा असेल तर खेळ दुपारी दोन ते साडेचार. धुणंभांडी उरकलेली असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक लागलेला नसतो. सातचा खेळ ठेवून 'महिला येत नाहीत' म्हणणारे आयोजक बरेच भेटतात. स्वच्छतागृहाची चावी आणि पाणी यांची जबाबदारी एका बाईकडे द्यावी. दोनशे माणसांना तीन तासांसाठी वीस लिटरचे पाच जार लागतात.

कार्यकर्ते मोजकेच पण ठरलेले. प्रोजेक्टरपाशी दोन, आवाजाला एक, प्रत्येक दाराला दोन, मंचावर घड्याळ घेऊन एक, पाहुण्यांना आणायला एक. आणि एक जण पूर्ण रिकामा, ज्याला काहीच काम नाही. अडचण आली की तोच धावतो. इतरांनी जागा सोडायची नाही. सत्कार, शाल, नारळ यांना दहा मिनिटं आणि तेही चित्रपटानंतर. पुढारी आधी बोलले तर अर्धा तास जातो आणि रात्रीचे दहा मात्र हलत नाहीत. दिग्दर्शकाशी गप्पा ठेवायच्या असतील तर पहिला प्रश्न आपल्यातल्या कुणाला तरी आधीच देऊन ठेवायचा, पहिला हात वर व्हायला फार वेळ लागतो. त्यानंतर मात्र माइक परत मिळत नाही.

संपल्यावर आठ दिवसांत हिशेब फलकावर लावायचा, पावतीपुस्तकांच्या उरलेल्या पानांसकट. दिग्दर्शकांना खेळाची तारीख, वेळ आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या लिहिलेलं पत्र द्यायचं. पुढच्या महोत्सवांच्या अर्जात त्यांना ते लागतं. दोन्ही डिस्कांवरच्या फाइली पुसून तसं त्याच पत्रात कळवायचं. ज्यांना असं पत्र मिळतं ते पुढच्या वर्षी नवा चित्रपट झाला की आपण न मागता लिंक पाठवतात.